हळद, खिळा आणि प्रतिकारशक्ती

गेल्या आठवड्यात मिरकरवाड्याहून एक काका दवाखान्यात आले. पायात गंजका खिळा घुसून दोन दिवस झाले होते. जखमेत हळद दाबून भरलेली आणि वर फडके करकचून बांधलेले. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या म्हटले तर म्हणाले, "डॉक्टर, हळदीने प्रतिकारशक्ती वाढते, पेपरातच वाचलंय. मग सुई कशाला?"

पेपरात वाचले म्हटल्यावर खुलासाही पेपरातच करायला हवा.

हळदीत साधारण तीन टक्के कुर्क्युमिन असते. प्रयोगशाळेत पेशींवर ते टाकले की सूज आणणारे संदेश मंदावतात. म्हणजे ते शरीराच्या फौजेत शिपाई भरती करीत नाही, उलट फौजेला जरा आवरते. शिवाय आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये सोबत मिऱ्यातील पिपेरिन दिले, तेव्हा रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढले. मात्र याच युक्तीने बनविलेल्या महागड्या कॅप्सूलांपासून सावध राहा. त्या घेणाऱ्यांना यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटलीत २०१९ मध्ये आणि पुढे अमेरिकेतही झाल्या. आमटी-कालवणातील हळदीची भीती नको.

"मग हळदीचे पेटंट आपण जिंकले ते?" असे काकांनी विचारलेच. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये दिले होते. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करविले. त्यात सिद्ध झाले ते इतकेच, की हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. हळद धनुर्वात टाळते असे तेथे कोणी म्हटले नव्हते.

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात आणि हवा न लागणाऱ्या खोल जखमेत वाढतात. हळद ठासून भरली की जखमेचे तोंड बंद होते, म्हणजे त्यांची सोयच! त्यांचे विष इतके जहाल, की त्याच्या एवढ्याशा मात्रेने शरीर शिकत नाही. धनुर्वातातून वाचलेल्यालाही त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही, ती फक्त लसीनेच येते. तेव्हा अशी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, उघडी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लसीचा शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल किंवा आठवतच नसेल, तर तसे सांगा.

काकांना आठवत नव्हते. जखम साफ करून लस दिली, तयार प्रतिपिंडांचेही इंजेक्शन दिले. निघताना त्यांनी विचारले, "रात्री हळद-दूध चालेल ना?" म्हटले, खुशाल प्या. चार आठवड्यांनी दुसऱ्या डोसला बोलावले आहे.