उपचार संपल्यानंतर

चौतिसाव्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ सापडली. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं पार पडलं. शरीराचं डॉक्टरांनी पाहिलं. मनाचं माझ्यासारख्याच काही बायकांनी पाहिलं. त्यांच्या सोबतीत जे उमगत गेलं, ते हे.

१. खरं कोसळणं उपचार संपल्यावर येतं. केमोच्या दिवसांत मनाला उसंतच नव्हती: रक्ताचे रिपोर्ट, पांढऱ्या पेशी, पुढच्या सायकलची तारीख. शेवटचं रेडिएशन झालं, घरात पेढे आले आणि मला रडू आवरेना. "झालं ना आता सगळं?" असं जो तो मायेनं विचारत होता. आमच्या गटातली एक ताई एवढंच म्हणाली, "आत्ता कुठे तुला रडायला सवड मिळालीये." त्या रडण्याची लाज तेव्हा गेली.

२. सगळ्यात जड गेला तो लोकांनी दिलेला धीर. "तू वाघीण आहेस", "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांचा जीव माझ्यात अडकलेला होता, म्हणून त्यांच्यासमोर मी हसत राहायची. पुढेपुढे वाईट विचार मनात आला, तरी त्यानंच आजार उलटेल की काय अशी धास्ती वाटू लागली. गटात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "मला मरणाची भीती वाटते." कुणी विषय बदलला नाही.

३. तरुण वयातलं हे दुखणं वेगळे प्रश्न घेऊन येतं. वॉर्डातल्या आईच्या वयाच्या बायकांनी जीव लावला, पण माझे प्रश्न त्यांच्याजवळ काढता येईनात. केमोनं पाळी थांबलेली, ऐन थंडीत अंगातून वाफा निघायच्या, नवऱ्याचा स्पर्श नकोसा व्हायचा. आणि मूल? टॅमॉक्सिफेन हे हार्मोनचं औषध ५ ते १० वर्षं घ्यायचं आणि ते चालू असताना गरोदर राहायचं नाही. माझ्याच वयाच्या एका मैत्रिणीनं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास दाखवला. त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ जणींनी दीड ते अडीच वर्षं हार्मोनची औषधं घेऊन, मग बाळासाठी ती काही काळ थांबवली होती. पहिल्या तीन वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढच्या वर्षांचं चित्र तेव्हा यायचं होतं. पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते मला त्या दिवशी कळलं.

४. स्वतःच्या शरीराकडे पाहायला मला दुसऱ्या बाईच्या शरीरानं शिकवलं. एकीनं आतल्या खोलीत नेऊन ब्लाउजची बटणं काढली आणि आपला व्रण दाखवला. सपाट छाती, फिकट पडलेली रेघ. मला किळस आली नाही, दयाही आली नाही. ती मला पूर्ण बाई दिसली. मग माझ्याच व्रणाचा दुस्वास का करायचा? तिनंच सुती दोऱ्यानं विणलेला हलका कृत्रिम स्तन माझ्या हातात ठेवला. आपल्याकडे स्वयंसेविका असे विणून मोफत देतात.

५. हा आधार आमच्या पिढीनं शोधलेला नाही. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली मुंबईत व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं. आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात लांबून येणारी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणारी माणसं एकमेकांना किती सांभाळतात! एकमेकींची भाषा येत नसतानाही केमोनंतर पोटात काय ठरतं, हे एक बाई दुसरीला हातवाऱ्यांनी सांगते. माझ्याकडे घर होतं, पैसा होता, बोलायला माणसं होती. यातलं फारसं काही नसलेल्या बायका आधी शेजारणीची विचारपूस करतात, हे पाहून मी नमले.

६. अशा गटात यायचं तर मैत्रीण गमावण्याचं दुःखही पदरात घ्यावं लागतं. आमच्यातल्या एकीचा आजार हाडांत, मग यकृतात पसरला. तिच्यासमोर माझं बरं असणं मला बोचायचं. ती म्हणायची, "माझ्याबद्दल कुजबुजू नका, माझ्याशी बोला." गटाच्या आधारानं अशा बायकांचं आयुष्य वाढतं, अशी आशा डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ सालच्या अभ्यासानं निर्माण केली होती. २००१ साली कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, आणि जास्त खचलेल्या बायकांना त्याचा जास्त उपयोग झाला. मला एवढं पुरतं. आमची मैत्रीण गेली, पण शेवटपर्यंत एकटी पडली नाही. आता नव्यानं निदान झालेल्या एखाद्या मुलीचा फोन येतो, तेव्हा मी तिला 'बरी होशील' असं वचन देत नाही. तिचं सगळं ऐकून घेते आणि पुढच्या तपासणीला सोबत येऊ का, असं विचारते.