‘अँड’च्या दोन्ही बाजूंना बघ

छकुली, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मराठी शाळेतल्यांना इंग्रजीचा पेपर नाहीच जमायचा." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून लिहितेय.

हे जरा मोठ्याने वाच : ‘तिला पोहणं, वाचणं आणि चित्रं काढायला आवडतं.’ खटकलं ना? कुठला नियम आठवावा लागला? एकही नाही. आता हे बघ : ‘शी लाइक्स स्विमिंग, रीडिंग अँड टू ड्रॉ.’ तीच चूक. ‘टू ड्रॉ’चं ‘ड्रॉइंग’ केलंस की झालं. तुमच्या क्लासमध्ये पॅरललिझम म्हणून घाबरवतात ते एवढंच, एका पंगतीला बसलेल्यांना एकसारखं वाढायचं.

वाक्य आलं की आधी जोडणारा शब्द शोध. अँड, ऑर, दॅन, नॉट ओन्ली–बट ऑल्सो. मग त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघ. ‘ही नॉट ओन्ली प्लेज क्रिकेट बट ऑल्सो फुटबॉल.’ इकडे ‘नॉट ओन्ली’ला लागून क्रियापद, तिकडे ‘बट ऑल्सो’ला लागून नुसतं नाम. ‘प्लेज’ अलीकडे घे : ‘ही प्लेज नॉट ओन्ली क्रिकेट बट ऑल्सो फुटबॉल.’

एका ठिकाणी मात्र आपला मराठी कान दगा देतो, आणि माझे गुण तिथेच जायचे. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ हे आपण बिनदिक्कत बोलतो, त्यात काही चूकही नाही. पण ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई’ म्हटलं की परीक्षेत ते चूक. तिथे हवेची तुलना शहराशी झाली. हवेसमोर हवाच हवी, म्हणून ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’. ‘दॅन’ दिसला की थांबायचंच. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून तुला सांगतेय.

आणि ठोकताळ्याने उत्तरं देऊ नकोस गं. तू देतेयस त्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एक चुकलं की अर्धा गुण कापतात.

आज झोपण्याआधी जुन्या पेपरातली दहा वाक्यं घे, जोडणाऱ्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मार आणि फोटो काढून मला पाठव. चुकलेलीसुद्धा पाठव, ती आधी.