वाचायला शिकवण्याचं शास्त्र

बारावी किंवा पदवी झालेली मुलगी ‘मला विशेष शिक्षक व्हायचंय’ म्हणाली की घरात दोन वाक्यं हमखास येतात. एक, ‘पुण्याचं काम आहे.’ दुसरं, ‘पण पोट भरेल का?’ माझ्या मते या पेशाचं जास्त नुकसान पहिल्या वाक्याने केलं आहे. स्वभाव मायाळू असला की झालं, अशी समजूत त्यातून पसरते. वाचनात अडलेलं मूल नुसत्या मायेने वाचू लागत नाही. त्याला वाचायला शिकवण्याचं शास्त्र आहे आणि ते रीतसर शिकावं लागतं.

इंग्रजीचंच घ्या. अक्षरं २६, उच्चार सुमारे ४४. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाकडून शब्द नुसते नजरेने पाठ करून घेतले तर ते काही दिवस रेटतं आणि मग अडकतं. जाणकार शिक्षिका सी, ए, पी ही अक्षरं सुट्या पत्त्यांवर मांडते. मूल एकेका पत्त्याला बोट लावून अक्षराचं नाव न घेता त्याचा आवाज काढतं आणि मग बोट सरकवत म्हणतं, ‘कॅप’. आता शेवटी ई चा पत्ता येतो. तो स्वतः मुका राहतो, पण मधल्या ए चा आवाज बदलून टाकतो: ‘केप’. त्याच नियमाने ‘टॅप’चा ‘टेप’ होतो, ‘मॅड’चा ‘मेड’. हे शब्द मूल मोठ्याने म्हणत वाळूत बोटाने गिरवतं, मग श्रुतलेखन. आधीचा नियम पक्का झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावणारी ही पद्धत अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून १९३०च्या दशकात आकाराला आली आणि आजही वापरात आहे.

मराठी लिहिल्याप्रमाणे वाचायची, म्हणून सोपी, असं आपण सहज म्हणतो. पण ‘दिवा’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि जिभेला आधी द म्हणावा लागतो. ‘सूर्य’मधला र तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ज्या मुलाला क्रमच लागत नाही, ते इथे गडबडतं. दोन्ही लिप्यांमधले असे अडथळे ओळखणारी शिक्षिका मराठी माध्यमाच्या शाळेला फार मोलाची वाटेल.

प्रवेश घेताना कोणत्या गटातल्या मुलांना शिकवायचं हे ठरवावं लागतं आणि तिथे घाई नको. दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेल लागते. सहा ठिपक्यांच्या त्या लिपीत मराठी क आणि इंग्रजी के यांची खूण एकच आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला वर सांगितलेली आवाजांची वाट बहुधा उपयोगी पडत नाही. तिथे सांकेतिक भाषेतून अर्थ आणि अर्थातून छापील शब्द असं जावं लागतं. काम एकच, वाचायला शिकवणं, पण कौशल्यं अगदी वेगळी.

बारावीनंतर विशेष शिक्षणातला दोन वर्षांचा डी.एड., पदवीनंतर दोन वर्षांचा बी.एड. हे रुळलेले मार्ग. अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचाच हवा. या परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय करणं १९९२च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून महिन्याभराच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या जाहिरातींना भुलू नका. अभ्यासक्रमांच्या रचनेत बदल होत आहेत, तेव्हा त्या वर्षीची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

आता पोटाचा प्रश्न. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यांत अध्ययन अक्षमताही आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. मार्च २०२५मध्ये न्यायालयाने राज्यांना पदं जाहीर करण्याचा आदेश दिला. गरज मान्य झाली आहे, भरती मात्र सावकाश चालते. समग्र शिक्षा अभियानात अनेकांनी वर्षानुवर्षं कंत्राटावर काम केलं आहे, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. शहरांतल्या खासगी शाळा आणि अध्ययन केंद्रं लवकर घेतात, पण पगारात शाळेशाळेत मोठी तफावत असते. पहिली काही वर्षं घरच्यांचा आधार असेल तर उत्तम. ज्या घरात लगेच पूर्ण पगार लागणार आहे, त्यांनी जिल्ह्यातल्या जागांची चौकशी आधी करावी. आणि मुलग्यांनीही हा विचार करावा; हे बायकांचं काम असं समजून अनेक जण चौकशीच करत नाहीत.

अर्ज भरण्याआधी जवळच्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून काही दिवस वर्गात मागे बसू द्या, अशी विनंती करा. मूल पंधरा मिनिटं एकाच ओळीवर थांबलं असताना तुमच्या मनात कंटाळा येतो की ते नेमकं कुठे अडलंय याचं कुतूहल, हे तिथेच कळेल. कॉलेज निवडताना इमारत पाहण्यापेक्षा तिथल्या प्राध्यापकांना विचारा: सराव पाठ खऱ्या मुलांसोबत किती, कोणत्या शाळेत, आणि ते बघायला वर्गात कोण बसतं?