चक्र, चक्क, चाक

'चक्र' ग्रंथातले आणि 'चाक' गाडीवानाचे, कुंभाराचे, असा भेद सर्रास केला जातो. मूळ मात्र एकच, फिरण्याचा अर्थ सांगणारे. संस्कृतातील 'चक्र' तेच पालीतील 'चक्क'. पुढे दुहेरी व्यंजनातील एक गळाले, आधीचा स्वर दीर्घ झाला आणि मराठीत 'चाक' आले. आम्ही फळ्यावर हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम अशा ओळी मांडतो, तेव्हा घरच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हिणवलेली मुले ताठ बसतात. ती बोली पालीच्या नात्यातली आहे! सारनाथच्या पहिल्या उपदेशाचे सुत्त 'धम्मचक्कप्पवत्तन'. त्यातील 'पवत्तन' म्हणजे गती देणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या दीक्षेस आम्ही धम्मचक्र प्रवर्तन म्हणतो, ते याच अर्थाने.