स्थौल्यचिकित्सेतील 'गुरु-अपतर्पण' आणि उष्मांक-घनता

स्थूल रुग्णाला "कमी खा" असे सांगितले जाते, तो आठ-पंधरा दिवस ते पाळतो, आणि महिनाभरात पूर्वीच्याच आहारावर परत येतो. हा अनुभव सर्व चिकित्सकांचा आहे. त्याचा दोष रुग्णाच्या मनोनिग्रहाला देण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. चरकाचार्यांचे मत तसे नाही. अष्टौनिन्दितीय अध्यायात (सूत्रस्थान, अध्याय २१) स्थूलाच्या आठ दोषांत अतिक्षुधा व अतितृषा यांची गणना आहे, आणि त्यामागील संप्राप्तीही दिली आहे. मेदाने स्रोतसांचा मार्ग रोधला गेल्याने वायू कोष्ठात विशेषत्वाने संचरतो, अग्नीला प्रदीप्त करतो व आहार शोषून घेतो. त्यामुळे स्थूलाला अन्न लवकर पचते आणि पुन्हा खाण्याची इच्छा होते. थोडक्यात, स्थूलाची भूक खरी असते. ती खरी मानल्याशिवाय पथ्य टिकणार नाही.

म्हणूनच त्याच अध्यायात स्थूलाच्या कर्शनासाठी गुरु पण अपतर्पण करणाऱ्या आहाराची योजना सांगितली आहे. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. मेद कमी करायचा तर लघु द्यावे, गुरु कशाला? उत्तर संप्राप्तीतच आहे. गुरुत्वामुळे वाढलेला अग्नी व वायू शांत राहतात, अपतर्पणामुळे मेदाचे पोषण होत नाही. पोट भरावे, पण मेद भरू नये, असा हा दुहेरी हेतू आहे. आधुनिक आहारशास्त्रात गेल्या तीन दशकांत पुढे आलेला 'उष्मांक-घनता' हा विचार याच हेतूला आकड्यांची जोड देतो. हे दोन्ही एकच आहेत असा मात्र माझा दावा नाही. कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, हे पुढे पाहू.

उष्मांक-घनता म्हणजे एक ग्रॅम अन्नात किती उष्मांक आहेत ते प्रमाण. स्नेहाच्या एका ग्रॅममध्ये ९, पिष्ट व शर्करेच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४, तंतूंमध्ये सुमारे २ आणि पाण्यात शून्य. पदार्थात पाणी व तंतू वाढले की घनता उतरते, स्नेह वाढला व पाणी आटले की चढते. काकडी, दुधी यांची घनता ०.२ च्या आत असते. शिजलेला भात १.३, ज्वारीची भाकरी सुमारे २.२, तेल लावलेली चपाती ३, गूळ ३.८, शेव-फरसाण ५.५, शेंगदाणे ५.५ ते ५.७, तेल व तूप ९ च्या जवळ. हे आकडे स्थूलमानाने घ्यावेत. जात, पाण्याचे प्रमाण व कृती यांनुसार ते बदलतात. कच्च्या धान्य-भाज्यांची सविस्तर मूल्ये हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांत मिळतात. व्यवहारात ०.६ पेक्षा कमी ती अत्यल्प घनता, १.५ पर्यंत अल्प, ४ पर्यंत मध्यम व त्यापुढे उच्च असे मानतात.

या विचाराला आधार देणारे पुष्कळसे काम अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात स्त्रियांना निरनिराळ्या घनतेचे जेवण मोकळ्या हाताने खाऊ दिले. प्रत्येक वेळी त्यांनी अन्न जवळजवळ सारख्याच वजनाचे खाल्ले. परंतु अल्प घनतेच्या जेवणातून मिळालेले उष्मांक सुमारे ३० टक्के कमी होते, आणि भुकेची तक्रार वाढली नाही. मनुष्य वजन-आकारमानाने जेवतो, उष्मांकांनी नव्हे, हा त्याचा अर्थ. २००७ मध्ये याच गटाने स्थूल स्त्रियांवरील वर्षभराचे निष्कर्ष मांडले. केवळ स्नेह कमी करणाऱ्या गटाचे वजन सरासरी ६.४ किलो उतरले. स्नेह कमी करून भाज्या-फळे वाढवणाऱ्या गटाचे ७.९ किलो. फरक प्रचंड नाही, हे खरे. पण दुसऱ्या गटाला भूक कमी जाणवली, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच.

वैद्यांना विशेष रुचेल असा त्यांचा आणखी एक प्रयोग १९९९ चा आहे. जेवणापूर्वी एकदा कोंबडी व भाताचा घट्ट पदार्थ दिला, एकदा तोच पदार्थ व सोबत पेलाभर पाणी, आणि एकदा तेच पाणी आत घालून केलेले सूप. सोबत प्यायलेल्या पाण्याचा पुढच्या जेवणावर परिणाम झाला नाही. सूप घेतल्यावर मात्र जेवणात सुमारे शंभर उष्मांक कमी खाल्ले गेले. घटकद्रव्ये तीच, पाणी तेवढेच. फरक केवळ कल्पनेचा. यालाच आपण संस्कार व संयोग म्हणतो. पेया, विलेपी, यूष ही भेदव्यवस्था करणाऱ्या शास्त्राला हा निष्कर्ष नवा वाटू नये. जेवणाआधी लोटाभर पाणी पिण्याच्या उपदेशापेक्षा वाटीभर मुगाचे वा हुलग्याचे पातळ कढण देणे अधिक सार्थ आहे.

आता आपल्या भागाकडे पाहू. सांगवी हे नीरेकाठचे गाव. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा मोठा पट्टा बागायती केला, माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांनी ऊस हे मुख्य पीक केले, आणि घरोघरी दुभती जनावरे आली. त्याच तालुक्यांतील जिरायती गावांत बाजरी-ज्वारी व हुलगा होता. दोन पिढ्यांपूर्वी दोन्हीकडचा माणूस कष्टाने खाल्लेले जिरवत असे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतावर दुचाकीने जाणे होते, पण ताट पूर्वीचेच राहिले आणि त्यात फरसाण, बेकरीचे पदार्थ व चहाच्या फेऱ्या वाढल्या. ऊसपट्ट्यात गुळाविषयी एक गोड गैरसमज आहे: साखर वाईट, गूळ निरुपद्रवी. गुणकर्मांत दोहोंत भेद आहेच. परंतु घनतेच्या तराजूत गूळ आणि साखर शेजारी-शेजारी बसतात. चहाच्या प्रत्येक कपात दहा ग्रॅम गूळ धरला तर चार कपांत दीडशे उष्मांक केवळ गुळाचे होतात, म्हशीच्या दुधाचे वेगळेच.

असाच समज ज्वारीविषयी आहे. चरकांनी स्थूलासाठी यव, कोद्रव, श्यामाक, मुद्ग, कुलत्थ, आढकी, पटोल, आमलक यांच्यासोबत जूर्णाह्व सांगितले, आणि ते म्हणजे ज्वारी असे मानले जाते. म्हणून ज्वारी योग्यच. पण ज्वारीच्या व गव्हाच्या शंभर ग्रॅम पिठातील उष्मांक जवळजवळ सारखेच आहेत, सुमारे साडेतीनशेच्या आत. भाकरीची घनता कमी पडते ती पिठात अधिक पाणी सामावते व तेल लागत नाही म्हणून. तीन मोठ्या भाकऱ्या खाऊन "मी फक्त ज्वारी खातो" असे सांगणाऱ्याचे वजन उतरत नाही, याचे आश्चर्य नको.

वांग्याचे उदाहरण रुग्णाला लगेच पटते. दोनशे ग्रॅम वांग्यात जेमतेम पन्नास उष्मांक. त्यात चार चमचे तेल घातले की सुमारे एकशे ऐंशी वाढले, वीस ग्रॅम शेंगदाण्याचे कूट घातले की आणखी एकशे दहा. भाजी तीच, उष्मांक सातपट. 'भाज्या भरपूर खा' या सल्ल्याला तेलाच्या पळीची मर्यादा जोडली नाही तर तो सल्ला उलटतो.

एक रात्रीचे ताट घेऊन हिशेब करू. तेल लावलेल्या तीन चपात्या (१२० ग्रॅम, ३६० उष्मांक), बटाट्याची तेलकट भाजी (१५० ग्रॅम, २२५), भात (१५० ग्रॅम, १९५), वरण (१०० ग्रॅम, ९०) व मूठभर शेव (३० ग्रॅम, १६५). एकूण ५५० ग्रॅम अन्न, १०३५ उष्मांक, घनता सुमारे १.९. त्याऐवजी एक भाकरी (१०० ग्रॅम, २२०), एका चमच्या तेलात केलेली चाकवत, माठ, दोडका वा दुधीची भाजी दोन वाट्या (२५० ग्रॅम, १५०), मटकीची उसळ (१५० ग्रॅम, १५०) आणि कूट न घातलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर (१०० ग्रॅम, २५). एकूण ६०० ग्रॅम, ५४५ उष्मांक, घनता ०.९. रुग्ण पन्नास ग्रॅम जास्त जेवला आणि जवळपास निम्म्या उष्मांकांवर उठला. दिवसाला एवढा फरक टिकला तर आरंभी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरते. पुढे शरीर हलके होईल तसा वेग मंदावतो, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे. उसळ वगळू नये. प्रथिने न राखता वजन उतरवले तर मेदाबरोबर मांसधातूही क्षीण होतो.

चरकांच्या आहारविधिविशेषायतनांत राशीचे दोन प्रकार आहेत: सर्वग्रह, म्हणजे संपूर्ण आहाराचे एकत्र मान, आणि परिग्रह, म्हणजे एकेका द्रव्याचे वेगळे मान. आपण रुग्णाला बहुधा सर्वग्रहच सांगतो, "दोन घास कमी". उष्मांक-घनतेचे सारे काम परिग्रहाचे आहे. एकूण राशी तीच ठेवून तिच्यातील वाटे बदलायचे. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रचारात आणलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत पाळणारे अनेक रुग्ण आपल्याकडे येतात. ती केव्हा खावे याचा विचार करते. ताटात काय असावे हा प्रश्न तेथेही उरतोच, आणि त्या रुग्णांनाही वरील हिशेब उपयोगी पडतो.

उपवासाचे वेगळे सांगायला हवे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण घनतेच्या दृष्टीने तंतोतंत खरी आहे. तूप, कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स, शेंगदाण्याचा लाडू. पाणी व तंतू जवळजवळ नाहीत. श्रद्धेला धक्का न लावता वरीचा पातळ भात, उपवासाला चालणारी काकडी वा लाल भोपळा, ताक एवढा बदल सुचवता येतो.

दोन तराजू एकच नव्हेत

गुरु-लघु आणि उष्मांक-घनता यांचे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. चक्रपाणींनी गुरु-अपतर्पणाचे उदाहरण मधाचे दिले आहे, आणि मधाची उष्मांक-घनता ३ च्या वर आहे. मधाचे रूक्ष, लेखन कर्म उष्मांकांत मोजता येत नाही. उलट रुग्णही मधोदक म्हणून पेल्यात तीन-तीन चमचे मध घालू लागला तर त्याचे लेखन होण्याऐवजी सत्तर-एक उष्मांकांचे पेय होते. चमचाभर पुरे. लाह्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट. ग्रॅमच्या हिशेबाने त्या घन ठरतात, कारण पाणी नाही. पण वाटीभर लाह्यांचे वजन ते काय! शास्त्राने त्यांना लघु म्हटले ते तेथे बरोबर ठरते. पेयांचे गणितही वेगळे ठेवावे. दूध, उसाचा रस यांची घनता पाण्यामुळे कमी दिसते, परंतु त्यांनी भाकरी-भाजीसारखी तृप्ती येत नाही. रसाचा मोठा पेला शंभर उष्मांकांच्या पुढे जातो आणि जेवण तसेच होते. लोणी काढलेले पातळ ताक हा सुखद अपवाद.

अग्नी मंद असलेल्याला कच्च्या कोशिंबिरी भारंभार दिल्या तर आध्मान होईल. भाजी शिजवून, हिंग-जिरे-ओव्याच्या संस्काराने द्यावी आणि प्रमाण पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावे. वृद्ध, गर्भिणी, वृक्कविकारी यांना हे पथ्य सरसकट लावू नये. मधुमेही रुग्ण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेत असेल तर आहारातील उष्मांक निम्मे होताच रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. त्याच्या मूळ चिकित्सकाशी बोलून औषधाची मात्रा ठरल्याखेरीज ताट बदलू नये.

वजनकाट्यावर सर्वस्वी विसंबण्यातही धोका आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत माता व बालकांचा अभ्यास चालवला आणि बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेदाचे प्रमाण अधिक असते हे मांडले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या छायाचित्रात ते आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३, मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा २३ मानतात, व कमरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटीमीटरपुढे गेला की सावध होतात. चिकित्सालयात काट्याशेजारी टेप ठेवावी. अशा बारीक पण स्फिक्-उदरलंबी रुग्णाला उष्मांक फार तोडण्यापेक्षा व्यायाम व उसळी वाढवून दिलेल्या बऱ्या.

औषधी दुकानदारांसाठी

"वजनाचे काही द्या" हे वाक्य चिकित्सकापेक्षा दुकानदार अधिक वेळा ऐकतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे; तेव्हा हमखास वजन घटवण्याचा फलक दुकानात लावणे हा गुन्हा ठरू शकतो. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे द्रव्य हृदयावरील दुष्परिणामांमुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले, परंतु वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ते मिसळलेले अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना आढळले आहे. परवाना क्रमांक व उत्पादकाचा पत्ता नसलेली पुडी, आठवड्यात भूक पार नाहीशी करणारी असेल तर, विशेष संशयाने पाहावी. आपल्या चूर्ण-गुग्गुळांनी भूक अशी एकाएकी मरत नाही.

त्रिफळा, गुडूची, मुस्ता, नवक गुग्गुळ ही औषधे चिकित्सकाच्या सल्ल्याने द्यावीतच. पण सोबतच्या अनुपानाकडे लक्ष असावे. स्थूल ग्राहक च्यवनप्राशाचे दोन मोठे चमचे सकाळ-संध्याकाळ घेत असेल तर त्यातील शर्करा दिवसाच्या हिशेबात धरावी लागते. आसव-अरिष्टांतही गुळाचा अंश उरतो. चूर्ण मधातच हवे असा आग्रह नसेल तेथे कोष्ण पाणी किंवा ताक सुचवता येते. बाटली गुंडाळून देताना तेलाचा चमचा मोजून घालण्याची गोष्ट निघाली तर ग्राहक ती ऐकून घेतो. घरात तेलाचा डबा महिन्याला किती लागतो आणि जेवणारी माणसे किती, हे दोन प्रश्न विचारले की पुढचा हिशेब तो स्वतःच करतो.