आधी रक्त तपासा, मग डबा उघडा

गेल्या महिन्यात ओतूरकडच्या एक ताई दवाखान्यात आल्या. वय 42, उंची पाच फूट एक इंच, वजन 74 किलो. बसल्या बसल्या त्यांनी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. प्रोटीन पावडरचा मोठा डबा, ‘फॅट बर्नर’ लिहिलेल्या कॅप्सूल, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या, आणि साध्या प्लास्टिकच्या पुडीत तपकिरी चूर्ण. पुडीवर ना नाव, ना तारीख. “डॉक्टर, यातलं काय चालू ठेवू? तीन आठवड्यांत चार किलो उतरलेत.”

मी विचारलं, संडासला दिवसातून कितीदा जाता? “पाच-सहा वेळा तरी. जरा चक्कर येते, पण मैत्रीण म्हणाली, विष बाहेर पडतंय.”

बाहेर पडत होतं ते पाणी, आणि त्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षार. अन्नातली चरबी लहान आतड्यातच शोषली जाते. अशा चूर्णांतली सोनामुखीसारखी रेचकं काम करतात ती पुढे, मोठ्या आतड्यात. तोवर जेवणातलं तेल-तूप अंगाला लागलेलं असतं. चूर्ण बंद केल्यावर चार दिवसांत ताईंचे दोन किलो परत आले. त्या रडवेल्या झाल्या, आणि मला त्यांचा राग नाही, त्यांना ते विकणाऱ्यांचा येतो.

अशा पुड्यांत हिरड्याचं नाव हमखास घेतलं जातं, म्हणून आपल्या भागासाठी दोन शब्द. आंबेगावच्या पश्चिमेला आहुप्याकडे, जुन्नरच्या पश्चिमेला तळेरान-मढ भागात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा तोडून वाळवतात. वर्षाचा रोख पैसा कित्येक घरांत त्यावरच येतो. त्रिफळ्यातल्या तीन फळांपैकी हे एक. वैद्यांनी प्रकृती पाहून, मात्रा ठरवून दिलेला हिरडा ही एक गोष्ट. आणि त्याच्या नावाखाली आणखी काय काय दळून भरलेली बेनावी पुडी ही दुसरी. हिरड्यानं पोट साफ होईल, पोटावरची वळी उतरणार नाही.

कॅप्सूलची गोष्ट जास्त गंभीर आहे. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं म्हणून भारतात 2011 मध्ये बंद झालं. तरी ‘शंभर टक्के वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत ते चोरून घातलेलं जगभर पुन्हा पुन्हा सापडलं आहे. कुठलीही कॅप्सूल घेतल्यावर छाती धडधडत असेल, झोप उडाली असेल, भूक अचानक मेली असेल, तर ‘गुण येतोय’ असं समजू नका. ती त्याच दिवशी थांबवा.

ग्रीन टी पिण्यात काही वावगं नाही. त्याचा अर्क गोळीत दाबून भरला की मात्र हिशेब बदलतो. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं तर यकृताला इजा होण्याची चिन्हं दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं. ‘गार्सिनिया’ म्हणून विकतात ते आपल्या कोकमाच्या कुळातलं फळ. त्याच्या अर्कानंही काहींच्या यकृताला इजा झाली आहे. आमसुलाचं सार पोटभर प्या, त्याची काळजी नको.

मग घ्यायचं काय? मी उलटा प्रश्न विचारतो: तुमच्यात कमी काय आहे? चरबी जाळणारं पूरक माझ्या पाहण्यात नाही. उणीव भरून काढणारी मात्र आहेत, आणि ती आपल्याकडे खरोखर लागतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणून ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्यांनीही टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर, बायकांची 80 च्या वर असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आपल्या माणसात चरबी जास्त आणि स्नायू कमी, हीच खरी अडचण. उपाशी राहून वजन उतरवलं की त्यातले थोडे स्नायूही जातात.

याच याज्ञिकांच्या गटानं पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा 67 टक्के लोकांत बी12 कमी निघालं. शाकाहारी घर, दूध डेअरीला घालून उरलेल्याचा चहा, हे चित्र आपल्या दोन्ही तालुक्यांत नवं नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी12 आणखी घटतं. पायाला मुंग्या, सतत थकवा असेल तर ही तपासणी आधी करा. थकलेला माणूस चालायला बाहेर पडत नाही, मग चरबी उतरणार कशी? ताईंचंही बी12 कमीच निघालं. डी जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट बहुधा आठवड्याला एक, तेही ठरावीक आठवडेच द्यायचं असतं. वर्षभर चालू ठेवलेले लोक मी पाहिलेत. त्यानं रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं दुखावतात.

आता प्रोटीनचा डबा. मंचरला पराग डेअरीत चीज बनतं, तसं चीज करताना जी निवळी उरते तिच्यातूनच व्हे प्रोटीन काढतात. म्हणजे तो दुधाचाच भाग, औषध नव्हे. 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात, वजन उतरवताना थोडी जास्त. दोन अंडी 12 ग्रॅम, पेलाभर दूध 6, मूठभर शेंगदाणे 7, सोयाबीनच्या 50 ग्रॅम वड्या 26. मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं आहेच. मासवडीतही बेसन, तीळ, शेंगदाणे असतात. फक्त सारणातलं तेल आणि सुकं खोबरं बेताचं ठेवा. एवढं ताटात येत असेल तर डब्यावर पैसे घालू नका. दात नाहीत, भूक नाही, आजारातून उठलात, तर डबा उपयोगी पडतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेह जुना असेल, तर क्रिएटिनिन तपासल्याशिवाय झाकण उघडू नका. 2024 मध्ये भारतातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा जवळपास 70 टक्क्यांवर छापलेला प्रथिनांचा आकडा बरोबर नव्हता. घ्यायचाच असेल तर परवान्याचा 14 आकडी क्रमांक, बॅचचा क्रमांक, तारीख बघा आणि पक्कं बिल मागा.

इसबगोल स्वस्त आहे. जेवणाआधी चमचाभर, पेलाभर पाण्याबरोबर घेतलं तर पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. फार अपेक्षा नको, इतकंच.

ताईंशी बोलताना खरा हिशेब चहात सापडला. दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे 60 ग्रॅम साखर, 240 कॅलरी, रोज. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, मग महिन्याचा गुणाकार तुम्हीच करा. त्यांनी चहा दोनवर आणलाय, तोही बिनसाखरेचा. बी12 चालू आहे, आणि संध्याकाळी रानातून येताना गाडीवर न बसता चालत येतात. महिन्याला दीड किलो उतरलं तरी मला पुरे आहे.

तुम्हीही येताना घरातल्या सगळ्या बाटल्या, डबे, पुड्या पिशवीत घालून आणा, लाजू नका. आणि यातलं काही घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, चक्कर येऊन पडलात, तर माझ्या वेळेची वाट पाहू नका. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि उरलेली पुडी फेकून न देता सोबत न्या.