दारात उतरलेला करंट

जुन्या अलार्मच्या वायरी काढून टाका, असं मी घराचं काम काढलं तेव्हा ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डोंबिवली पूर्वेतली आमची जागा जुनी. आधीच्या मालकांनी चोरीच्या धास्तीने सायरन लावून घेतला होता. ठेकेदार ठाण्याचा, बोलायला गोड. "काकू, बारा व्होल्टच्या मेलेल्या वायरी त्या, त्यांचं काय घेऊन बसलात?" म्हणाला.

काम उरकलं, पैसे नेले. मग एका सकाळी लादी पुसताना आमच्या बाईंचा ओला हात सेफ्टी डोअरला लागला आणि त्या किंचाळून मागे सरल्या. मी टेस्टर लावला. लोखंडी जाळीवर दिवा लागला! माझे हातपाय गार पडले. संध्याकाळी नातवंडं याच जाळीला लोंबकळतात.

दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा कळलं. पॅसेजमधल्या नव्या दिव्यासाठी झिरी मारायची मेहनत वाचावी म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी भिंतीतल्या अलार्मच्या बारीक वायरीतूनच 230 व्होल्ट सोडले होते. तिचं दुसरं टोक दाराच्या चौकटीत, जिथे मॅग्नेटचा सेन्सर होता तिथे, उघडंच लोखंडाला टेकलेलं. ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो, "दिवा लागतोय ना? मग?" माफीचा शब्द नाही. वर, जुन्या घरात असं निघायचंच, हे ऐकवलं.

तुमच्याकडे काम निघणार असेल तर तोडफोडीआधी अलार्मचा डबा शोधा. मेन स्विच बंद केला म्हणजे तो मेला असं नाही. आत 12 व्होल्टची बॅटरी असते, काही सायरनमध्ये वेगळी असते. दोन्ही काढा. नाहीतर वायर तुटली की सायरन कोकलतो आणि सोसायटी दारात उभी राहते. डब्यात सिमकार्ड असेल तर तेही बंद करा. बॅटरी सहसा शिशाची असते, भंगारात न टाकता बॅटरीच्या दुकानदाराला परत द्या.

वायर ओढून निघत असेल तर काढाच. निघत नसेल तर दोन्ही टोकं कापून, टेप लावून, वर चिठ्ठी चिकटवा. दिव्यांना 1.5 आणि पंधरा अँपिअरच्या पॉइंटला निदान 2.5 चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर लागते. अलार्मची त्या कामाची नाहीच. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे फोटो घ्या. वायरमनचं लायसन बघा. गोड बोलण्यावर जाऊ नका.

आणि करंट गळला की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. आमच्याकडे तो नव्हता. कोटेशनमध्ये लिहूनही ठेकेदाराने लावला नव्हता, हे त्या दिवशी बोर्ड उघडल्यावर समजलं. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी आरसीसीबीचं टेस्ट बटण स्वतः दाबून बघा, आणि दारं, ग्रिल, नळ सगळीकडे टेस्टर फिरवा. पैसे एकदा हातचे गेले की ही माणसं दाद देत नाहीत.